थांबवण्याचा इतिहास : जुन्या लेथचा क्लच का अडकतो?

१/ जुन्या वर्कशॉपमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. टर्नर लेथचा दांडा मधोमध, म्हणजे न्यूट्रलला आणतो. मोटर चालू असली तरी चक आता थांबायला हवा. तो थांबत नाही. आळसावल्यासारखा, पण न चुकता फिरतच राहतो. शेजारचा फिटर मान वर न करता निदान करतो, ‘क्लच चिकटतोय.’ या दोन शब्दांमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात चामड्याचे पट्टे आहेत, देवमाशाचे तेल आहे, इंग्लंडच्या नौदलाची गोदी आहे, मुंबईच्या गिरण्या आहेत आणि व्हिएन्नाचा एक भौतिकशास्त्रज्ञही आहे. #थ्रेड

२/ आधी मुळापासून. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर राहते. लाकडावर काम करणारा कातारी हे शतकानुशतके करत आला. दोरी किंवा धनुकली ओढायची, लाकूड फिरवायचे आणि पटाशी टेकवून आकार द्यायचा. या जुन्या पद्धतीत एक सोय आपोआप होती. ओढणारा हात थांबला की यंत्रही थांबे. गती देणारा आणि गती रोखणारा माणूस एकच होता. त्यामुळे ‘थांबवायचे कसे’ हा प्रश्न वेगळा विचारण्याची गरजच कुणाला पडली नाही.

३/ तो प्रश्न पाणचक्कीने आणि पुढे वाफेच्या इंजिनाने उभा केला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कारखाने उभे राहिले, तेव्हा संपूर्ण इमारतीला एकच शक्तिस्रोत असे. त्यापासून उभे-आडवे लोखंडी शाफ्ट निघत, ते छताखालून दालनभर धावत आणि त्यांवरच्या पुल्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राकडे उतरत. इंजिन सकाळी सुरू होई आणि सुट्टीलाच थांबे. एका कामगारासाठी ते थांबवणे म्हणजे शंभर जणांचे काम थांबवणे. मालकाला ते परवडणारे नव्हते आणि कामगाराला ते सांगण्याचा अधिकार नव्हता.

४/ याची किंमत काय होती, हे रॉबर्ट ब्लिंको या अनाथ मुलाच्या आठवणींतून कळते. नॉटिंगहॅमजवळच्या लोडहॅम गिरणीत तो बालकामगार होता. त्याच्या आठवणी १८३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांत मेरी रिचर्ड्स या सुमारे दहा वर्षांच्या मुलीची हकिगत येते. तिचा एप्रन फिरत्या शाफ्टमध्ये गुंतला आणि शाफ्टने तिला गरगर फिरवत नेले. हाडे मोडली, पण ती वाचली आणि पांगळेपणासह पुन्हा कामाला जुंपली गेली. शाफ्टला मुलगी आणि सूत यांतला फरक कळत नव्हता, आणि त्याला तत्काळ थांबवणारा दांडा तिच्याजवळच्या कुणाच्याही हातात नव्हता.

५/ निदान एकेक यंत्र तरी वेगळे थांबवता यावे, यासाठी जी युक्ती सर्वत्र रुळली ती अत्यंत साधी होती. शेजारी शेजारी दोन पुल्या बसवायच्या. एक शाफ्टला घट्ट जखडलेली, म्हणजे फास्ट पुली. दुसरी शाफ्टवर नुसतीच मोकळी फिरणारी, म्हणजे लूज पुली. एका काट्याने पट्टा फास्ट पुलीवर ढकलला की यंत्र चालू, लूज पुलीवर सरकवला की यंत्र बंद. वरचा शाफ्ट मात्र अखंड फिरत राही. लेथवर काम करणाऱ्याच्या डोक्याजवळ लोंबणारा लाकडी दांडा हा या काट्याचाच असे. औद्योगिक युगात सामान्य कामगाराच्या हाती आलेला हा पहिला ‘थांब’ होता.

६/ आणि तो पूर्ण विश्वासाचा नव्हता. लूज पुलीला तेल कमी पडले की ती शाफ्टला धरू लागे, आणि बंद केलेले यंत्र हळूहळू फिरू लागे. काटा झिजला असेल, शाफ्टची पातळी बिघडली असेल किंवा पट्टा एका बाजूला ताणला गेला असेल, तर पट्टा आपण होऊन फास्ट पुलीकडे सरकत जाई. यंत्र बंद आहे असे समजून कामगाराने चकमध्ये हात घातलेला असताना ते सुरू होणे, हा या व्यवस्थेतला सर्वांत भयंकर दोष होता. आजचा फिटर ज्याला ‘चिकटणारा क्लच’ म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

७/ कायदा मागून आला. ब्रिटनच्या १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने शाफ्ट व इतर धोकादायक भागांभोवती कठडे घालणे बंधनकारक केले आणि चालू यंत्रे मुलांकडून साफ करून घेण्यास मनाई केली. पण ‘धोकादायक’ म्हणजे नक्की काय? सात फुटांहून उंच असलेल्या शाफ्टला कठडा कशाला, असे मालक म्हणत. १८५४ मध्ये निरीक्षकांनी या उंच शाफ्टनाही नियम लागू करण्याचा आग्रह धरला. लगेच १८५५ मध्ये मँचेस्टरला गिरणीमालकांनी संघटना उभारली. निरीक्षकांशी न्यायालयात लढणे हे तिचे उघड काम होते.

८/ पुढे जो वाद पेटला, तो आजही ओळखीचा वाटेल. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या नियतकालिकाने मालकांच्या संघटनेवर कडवट उपहासाची झोड उठवली. उलट हॅरिएट मार्टिनो या नामवंत लेखिकेने मालकांची बाजू घेऊन स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सरकारी ढवळाढवळीने उद्योग बुडेल, असा तिचा युक्तिवाद होता. १८५६ मध्ये संसदेने मालकांना झुकते माप देऊन कठड्यांची सक्ती बरीच सैल केली. यंत्र थांबवता येणे हा तांत्रिक प्रश्न जितका होता तितकाच राजकीयही होता, हे यावरून स्पष्ट होते.

९/ आता क्लचकडे वळू. सरकत्या पट्ट्याहून अधिक नेमका उपाय पोर्ट्‌समथच्या गोदीत दिसतो. शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या यंत्रांनी बनवण्याची योजना मार्क ब्रुनेलने आखली, सॅम्युएल बेंथमने ती उचलून धरली आणि हेन्री मॉड्‌सलेने यंत्रे घडवली. सुमारे ४५ यंत्रांचा हा संच १८०८ पर्यंत पूर्णपणे कामाला लागला. वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. एकशे दहा कुशल कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. या यंत्रांपैकी काहींमध्ये शंकूच्या आकाराचे क्लच होते.

१०/ शंकू-क्लच समजायला स्वयंपाकघरातले स्टीलचे पेले पुरेत. एकात एक पेला घालून दाबला की दोन्ही एकजीव होतात आणि एक फिरवला की दुसराही फिरतो. शंकू-क्लचचे तत्त्व हेच. बाहेरचा शंकू शाफ्टबरोबर फिरत असतो. आतला शंकू, बहुधा चामडे लावलेला, दांड्याने त्यात ढकलला की यंत्र हळुवारपणे गती घेते. पट्टा सरकण्याची वाट पाहावी लागत नाही आणि लागणारी जागाही थोडी.

११/ पण पेल्यांचा दुसरा गुणही सर्वांना ठाऊक आहे. ते अडकतात. शंकूचा उतार जितका उभा, तितकी पकड घट्ट आणि सोडवणे कठीण. अक्षाशी असलेला उतार सुमारे ८ अंशांच्या खाली गेला की क्लच पाचर मारल्यासारखा बसतो आणि मग बराच जोर लावल्याशिवाय सुटत नाही. म्हणून हा उतार साधारण १० ते १५ अंशांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात पडला. कमी उतारात पकड मिळते, जास्त उतारात सुटका मिळते, आणि दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी म्हणजे क्लचची रचना. पुढे आलेल्या प्रत्येक क्लचला हाच तोल सांभाळावा लागला.

१२/ अडकण्याचे दुसरे जुने कारण तेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रांना चरबी, डुकराच्या चरबीचे तेल आणि वनस्पतींची तेले घातली जात. हवेशी संयोग होऊन यांतली बरीच तेले घट्ट होतात आणि त्यांचा राळेसारखा चिकट थर बसतो. घरच्या शिवणयंत्राला खोबरेल घालून नंतर पस्तावलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मात्र फारसे चिकटत नसे. सूक्ष्म यंत्रांसाठी त्याला मोठा भाव मिळण्याचे ते एक कारण होते. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि हळूहळू चित्र पालटले. तरीही खनिज तेलसुद्धा वर्षानुवर्षे तापून काळपट लेप सोडतेच.

१३/ हीच व्यवस्था समुद्र ओलांडून मुंबईत आली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. यंत्रे लँकेशायरची, शाफ्ट व पट्टे तिकडच्याच धर्तीचे आणि धोकेही तेच. १८७५ च्या मुंबईतील चौकशी आयोगात बहुमत कायद्याच्या विरोधात गेले. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १८८१ चा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर बंदी आली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरली आणि धोकादायक यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद झाली. मात्र हे सारे शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरतेच होते.

१४/ नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी आयोगापुढे मागण्या मांडल्या. निवेदनावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी सहसा सांगितली जात नाही. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. यंत्र वेळेवर थांबले नाही तर त्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न मुंबईच्या कामगारांनी इतक्या लवकर विचारला होता.

१५/ पुन्हा लेथकडे. पट्ट्याच्या युगाला धक्का बसला तो धातुशास्त्रातून. ‘शास्त्रीय व्यवस्थापना’मुळे प्रसिद्ध आणि वादग्रस्त ठरलेला फ्रेडरिक टेलर मुळात मशीन-शॉपचा माणूस. पट्ट्यांवर त्याने अनेक वर्षे निरीक्षणे केली आणि १८९३ मध्ये त्यावर निबंध सादर केला. पुढे टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत हाय-स्पीड स्टीलची हत्यारे विकसित केली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे आली. हत्याराचे टोक लालबुंद तापले तरी कापतच राहते, हे पाहून प्रेक्षक चकित झाले.

१६/ या हत्याराने जुने लेथ एका फटक्यात दुबळे ठरवले. हत्यार कित्येक पट वेगाने कापायला तयार होते, पण पट्टा तेवढी शक्ती वाहून नेऊ शकत नव्हता. तो घसरू लागे. यातून लेथचे शरीर बदलले. पायऱ्यांच्या पुलीच्या जागी हेडस्टॉकमध्ये गिअर आले, एकेका यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर मिळाली आणि छताखालचे शाफ्ट कालांतराने उतरले. आता थांबवण्याची युक्तीही यंत्राच्या पोटात शिरली. दिवसातून अनेकदा मोटर चालू-बंद केली तर ती तापते. म्हणून मोटर फिरत ठेवायची आणि चकला क्लचने जोडायचे किंवा सोडायचे, ही रीत पडली.

१७/ गिअरच्या पेटीत मोठा शंकू मावत नाही. मग थोड्या जागेत पुरेशी पकड कशी मिळवायची? उत्तर होते अनेक चकत्यांचा क्लच. पातळ चकत्यांची चवड रचायची. एकाआड एक चकती बाहेरच्या डब्याला अडकलेली, उरलेल्या आतल्या शाफ्टला. चवड दाबली की सगळ्या एकत्र फिरतात, सोडली की मोकळ्या होतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असा तेलात बुडालेला क्लच नावारूपाला आणणाऱ्यांत हेन्री सेल्बी हेली-शॉ हा इंग्लिश प्राध्यापक अग्रणी होता. त्याच्या चकत्यांवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असे, म्हणजे शंकूचेच तत्त्व प्रत्येक चकतीत उतरवलेले.

१८/ योगायोग असा की, याच हेली-शॉचे नाव भौतिकशास्त्रात एका वेगळ्या गोष्टीसाठी अमर आहे. दोन अगदी जवळ ठेवलेल्या काचांमधून चिकट द्रव कसा वाहतो, याचे त्याने १८९८ मध्ये सुंदर प्रयोग केले. अशा फटीला आजही ‘हेली-शॉ सेल’ म्हणतात. दोन पृष्ठभागांमधली अरुंद फट आणि तिच्यात अडकलेले तेल, हेच चकत्यांच्या क्लचचे बलस्थान आणि हेच त्याचे दुखणे. तेल चकत्यांना थंड ठेवते आणि झीज कमी करते. पण वेगळे व्हायची वेळ आली की तेच तेल त्यांना धरून ठेवते.

१९/ या धरून ठेवण्याचे गणित त्याआधीच मांडले गेले होते. व्हिएन्नाच्या योझेफ स्टेफानने १८७४ मध्ये दाखवले की, द्रवात बुडालेल्या दोन सपाट तबकड्या ओढून वेगळ्या करताना जी ‘चिकटण्याची’ जाणीव होते, तिच्यामागे गोंदासारखी चिकटपणाची शक्ती नसते. तबकड्या दूर जायच्या तर मधल्या फटीत द्रव आत शिरावा लागतो, आणि अरुंद फटीतून दाट द्रव सावकाशच शिरतो. तेल दुप्पट दाट असेल तर तेवढ्याच ओढीला दुप्पट वेळ लागतो. फट निम्मी असेल तर चौपट. थंडीच्या सकाळी लेथ का रेंगाळतो, याचे उत्तर या निबंधात आहे.

२०/ आता निदान. शतकभराच्या अनुभवातून फिटरांनी जो क्रम बसवला, तो इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही शिकण्यासारखा आहे, कारण त्यात पुराव्याआधी निष्कर्ष येत नाही. पहिला प्रश्न : क्लच केव्हा चिकटतो? सकाळी थंड असताना चिकटून वीस मिनिटांनी मोकळा होत असेल, तर संशय तेलावर. ते फार दाट आहे किंवा जुने होऊन राळले आहे. उलट, यंत्र तापल्यावर त्रास वाढत असेल, तर चकत्यांना पुरेशी मोकळीक नाही किंवा त्या तापून वाकल्या आहेत. यंत्र न उघडता, केवळ वेळ टिपून, निम्मे संशयित वगळता येतात.

२१/ दुसरा प्रश्न : दांडा खरोखर न्यूट्रलला पोहोचतो का? टर्नरच्या हातापासून क्लचपर्यंत दांडे, पिना आणि काटे यांची साखळी असते. प्रत्येक पिनेत थोडी झीज झाली तरी शेवटच्या टोकाला हालचाल अपुरी पडते. बाहेर दांडा मधोमध दिसतो, आत सरकणारी कॉलर मात्र अर्ध्यावर थांबलेली असते. यासाठी मेन स्विच बंद करून, कुणी तो चुकून चालू करणार नाही अशी व्यवस्था करून, झाकण काढावे आणि कॉलर प्रत्यक्ष पाहावी. मग चक हाताने फिरवावा. तो सहज फिरत असेल तर दोष चकत्यांत असण्याची शक्यता कमी.

२२/ तिसरा संशयित म्हणजे समायोजनाची रिंग. चकत्या झिजतात, म्हणून चवड घट्ट करण्यासाठी खाचांची रिंग असते. स्प्रिंगवरची खुंटी दाबून ती एकेक खाच फिरवता येते. घसरणारा क्लच सुधारण्याच्या भरात कुणीतरी कधीतरी ती दोन-तीन खाचा जास्त आवळलेली असते. मग क्लच घसरत नाही, पण सुटतही नाही. शंकूच्या उताराचा जुना तोल इथे पुन्हा भेटतो. उपाय एक खाच मागे घेण्याचा. एकच. नंतर चालवून पाहायचे, हवे तर आणखी एक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

२३/ चौथा संशयित तोतया आहे. अनेक लेथमध्ये दांडा न्यूट्रलला येताच ब्रेक लागतो. तो झिजला असेल तर जड चक आपल्या वेगानेच बराच वेळ फिरत राहतो आणि दोष क्लचच्या माथी मारला जातो. ओळखायचे कसे? फिरणे हळूहळू मंदावत थांबत असेल, तर ब्रेक दुबळा. एकाच सावकाश गतीने फिरणे संपतच नसेल, तर क्लच ओढतो आहे. एक लक्षण, दोन आजार. एकाच घटनेची दोन कारणे सांगणाऱ्या बखरी वाचताना लागते तीच सावधगिरी इथेही लागते.

२४/ हे सारे निर्दोष निघाले तरच चवड सोडायची. चकत्या हाती आल्या की यंत्र स्वतःचा इतिहास सांगू लागते. निळसर डाग म्हणजे कधीतरी क्लच खूप घसरून तापला होता. बाहेरच्या डब्याच्या खोबणीत चकत्यांच्या दातांनी ठोकून पाडलेले खड्डे असतील, तर चकत्या त्यांत अडकून मागे सरकत नाहीत. वर्षानुवर्षांच्या चालू-बंदचा हा हिशेब असतो. काही बनावटींत चकत्या हेतुपुरस्सर किंचित लहरदार ठेवतात, म्हणजे दाब जाताच त्या एकमेकींना दूर ढकलतात. ती लहर ‘वाकलेली दिसते’ म्हणून कुणी सपाट ठोकून दिली असेल, तर दुरुस्तीनेच बिघाड केला. अस्सल कागदावरील खाडाखोड जशी वाचावी लागते, तशीच ही जुनी दुरुस्तीही वाचावी लागते.

२५/ आणि शेवटी तेल, खरे तर सर्वांत आधी. निर्मात्याने सांगितलेल्या दाटपणाचेच तेल घालायचे. ‘दाट तेल म्हणजे जास्त संरक्षण’ हा समज गिअरपुरता कधी खरा ठरला, तरी क्लच त्याच पेटीत असेल तर घातक ठरतो. जुने तेल काढणे, पेटीच्या तळाचा गाळ पुसणे, नवे तेल घालून यंत्र काही वेळ बिनकामाचे फिरवणे, एवढ्यानेही पुष्कळ अडकलेले क्लच सुटतात. स्टेफानचा नियम इथे कुणाला माहीत असण्याची गरज नसते. तो आपले काम करतोच.

२६/ महाराष्ट्राशी याचा संबंध गिरण्यांपुरता राहिला नाही. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. याच उद्योगसमूहाने १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धाने परदेशी यंत्रांची वाट अरुंद केली होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळुरूला स्विस सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्स सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून भोसरीपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुने लेथ हातोहाती फिरत राहिले. आणि त्यांच्याबरोबर त्यांची दुखणी ओळखणारी माणसेही.

२७/ ही सारी कथा भारताच्या एका कायद्यात गोठलेली सापडते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २४ पाहा. पट्टा फास्ट पुलीवरून लूज पुलीवर नेण्यासाठी योग्य साधन असावे आणि पट्टा आपोआप फास्ट पुलीवर परत सरकणार नाही अशी त्याची रचना असावी, असे ते सांगत असे. प्रत्येक कार्यदालनात आणीबाणीच्या वेळी शक्ती तोडण्याची सोयही ते मागत असे. १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक भर पडली. बंद स्थितीतून चुकून चालू स्थितीत जाऊ शकणारे साधन जागेवर कुलूपबंद करता आले पाहिजे, अशी ती होती. कायद्याच्या कोरड्या वाक्यांमागे अशा किती सरकलेल्या पट्ट्यांचा इतिहास उभा आहे, हे आता वेगळे सांगायला नको.

२८/ औद्योगिक क्रांतीच्या पाठ्यपुस्तकात जेम्स वॉटचे इंजिन असते, अश्वशक्तीचे आकडे असतात, गतीची वाढ असते. फास्ट-लूज पुली, शंकू आणि चकत्या तिथे क्वचितच दिसतात. पण कारखान्यात उभ्या असलेल्या माणसासाठी दिवसभरातला महत्त्वाचा क्षण यंत्र सुरू होण्याचा नव्हता. दांडा ओढल्यावर ते खरोखर थांबते की नाही, हा होता. मेरी रिचर्ड्सजवळ तो दांडा नव्हता. आजच्या टर्नरजवळ आहे, आणि तो त्याला दीड-दोनशे वर्षांच्या शोधांनी, वादांनी आणि कायद्यांनी मिळवून दिला आहे.

२९/ म्हणून जुना लेथ न्यूट्रलला आल्यावरही फिरत राहिला, तर ‘चालतंय तसं चालू दे’ म्हणून पुढे जाऊ नये. मेन स्विच बंद करावा, तेल पाहावे, साखळी पाहावी, एक खाच मागे घ्यावी, आणि चक पूर्ण थांबल्याशिवाय त्याच्याजवळ हात नेऊ नये. (समाप्त)